मक्याच्या मुलखातील आच्छादन-पिके

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागी, मिसिसिपी आणि मिसूरी या दोन महानद्यांच्या दरम्यान आयोवा नावाचे राज्य आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ६० लक्ष एकर. एवढ्या विस्तीर्ण भूमीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश भागावर दरसाल केवळ दोनच पिके उभी असतात : मका आणि सोयाबीन. एका वर्षी मका, दुसऱ्या वर्षी त्याच शेतात सोयाबीन, असा बहुतेक ठिकाणचा क्रम होय. शेजारच्या इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. या पट्ट्याला ‘मक्याचा मुलूख’ असेच म्हटले जाते आणि ते नाव सर्वथा सार्थ आहे. आयोवात एकरी सरासरी २०० बुशेल, म्हणजे सुमारे ५० क्विंटल मका पिकतो. जगाच्या पाठीवर इतके भरघोस पीक इतक्या मोठ्या क्षेत्रावर क्वचितच आढळेल.

परंतु या समृद्धीला एक दुसरी बाजू आहे. मक्याची पेरणी एप्रिलच्या अखेरीस सुरू होते व मे महिन्यात आटोपते. सप्टेंबरात पीक वाळू लागते, ऑक्टोबरात कापणी-मळणी यंत्रे शेतातून फिरतात, आणि मग पुढील वसंत ऋतूपर्यंत शेत रिकामे पडते. वर्षाच्या बारा महिन्यांपैकी जमिनीत जिवंत मूळ असते ते जेमतेम पाच महिने. उरलेले सात महिने जमीन उघडी असते. या सात महिन्यांत तिचे काय होते, आणि ते टाळण्यासाठी शेतकऱ्याला काय करता येते, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

शे-दोनशे वर्षांपूर्वी ही जमीन उघडी नव्हती. तेथे उंच गवताची अफाट कुरणे पसरलेली होती. त्या कुरणांत शेकडो जातींच्या वनस्पती होत्या. काही हिम वितळताच अंकुरत, काही भर उन्हाळ्यात वाढत, तर काही शरद ऋतूच्या अखेरीपर्यंत हिरव्या राहत. त्यांची मुळे कित्येक फूट खोल जात आणि दरवर्षी त्यांतील काही मुळे कुजून जमिनीत सेंद्रिय द्रव्याची भर पडे. हजारो वर्षांच्या या क्रमाने तेथील काळी, भुसभुशीत, कसदार माती तयार झाली. १८३७ साली इलिनॉयमधील जॉन डीअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर घडविला. ती चिकट माती त्या फाळाला धरून राहत नसे. पुढील काही दशकांतच ती कुरणे नांगराखाली आली. आज आयोवात मूळ कुरणाचा हजारावा हिस्सादेखील शिल्लक नाही.

मातीही शिल्लक राहिली नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण ती सर्वत्र राहिली नाही हे खरे. उपग्रहांनी टिपलेल्या मातीच्या रंगावरून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मक्याच्या मुलखातील लागवडीखालच्या सुमारे एक तृतीयांश जमिनीवरून काळ्या मातीचा वरचा थर पार नाहीसा झाला आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. टेकाडांच्या माथ्यांवर हे विशेषेकरून दिसते. तेथे आता खालची फिकट माती उघडी पडली आहे. ही माती पाण्याबरोबर जाते तशी वाऱ्याबरोबरही जाते. १ मे २०२३ रोजी इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्ड शहराच्या दक्षिणेस, नुकत्याच मशागत केलेल्या शेतांवरून उठलेल्या धुळीने महामार्ग क्षणार्धात झाकून टाकला. पुढचे काहीच दिसेनासे झाल्यामुळे सत्तरांहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि किमान ७ माणसे प्राणांस मुकली.

धुळीचे लोट डोळ्यांना दिसतात. त्याहून मोठा, परंतु डोळ्यांना न दिसणारा ऱ्हास पाण्यावाटे होतो, आणि त्याचे मर्म समजण्यासाठी नत्राकडे वळले पाहिजे.

वनस्पतींना नत्र हवे असते. जमिनीतील सेंद्रिय द्रव्यात ते विपुल असते, पण बांधलेल्या स्थितीत. माती उबदार झाली की जीवाणू त्या द्रव्याचे विघटन करतात आणि नत्र शेवटी नायट्रेट या रूपात मोकळे होते. शेतकरी खतातून देतो त्या नत्राचीही अखेर बहुतांशी हीच गती. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. शिवाय त्यावर ऋण विद्युत्भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋण भारच असतो. त्यामुळे अमोनियमला माती जशी धरून ठेवते तशी नायट्रेटला ती धरून ठेवू शकत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे नायट्रेट जाते. वाटेत एखादे मूळ भेटले तरच ते थांबते.

आता आयोवातील एप्रिल-मे महिने डोळ्यांसमोर आणावे. हिम वितळलेले आहे, जमीन ओलीने तुडुंब भरली आहे, वसंतातील पाऊस पडत आहे, जीवाणू जागे होऊन नायट्रेट तयार करीत आहेत आणि शेतात एकही मूळ नाही. मका पेरला तरी जून उजाडेपर्यंत त्याची मुळे इवलीशीच असतात. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. या सपाट प्रदेशात पूर्वी पाणी साचून दलदल होत असे. ती हटविण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून शेतांखाली तीन-चार फूट खोलीवर भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरण्यात आल्या. अलीकडे त्यांची जागा छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांनी घेतली आहे. लक्षावधी एकरांखाली पसरलेल्या या अदृश्य जाळ्यामुळेच तेथे शेती शक्य झाली, हे विसरता कामा नये. मात्र मुळांच्या खाली उतरलेले नायट्रेट याच नळ्यांतून थेट ओढ्यात जाते आणि ओढ्यातून नदीत.

नदीत गेल्यावर काय होते? याचे पहिले उत्तर आयोवातच मिळाले, पण ते नदीतून नव्हे, विहिरीतून. १९४५ साली हंटर कॉमली या आयोवातील डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. शेतांवरील घरांतून आणलेली काही तान्ही बालके निळसर पडलेली होती. हृदयात दोष नाही, फुप्फुसे ठीक, तरी त्वचा निळी. शोध घेता असे आढळले की, त्यांचे वरचे दूध ज्या विहिरीच्या पाण्यात कालविले जात होते त्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण फार होते. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट बनते आणि ते रक्तातील हीमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच हिरावून घेते. मोठ्या माणसाचे शरीर ही क्रिया परतवू शकते, तान्ह्या बालकाला ते साधत नाही. पुढे अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेटरूपी नत्र ही जी कमाल मर्यादा ठरली, तिच्या मुळाशी ही निळी बालके आहेत.

आयोवाची राजधानी डि मॉइन ही रॅकून आणि डि मॉइन या दोन नद्यांचे पाणी पिते. दोन्ही नद्या मका-सोयाबीनच्या शेतांतून वाहत येतात. नायट्रेट काढून टाकण्यासाठी तेथील पाणीपुरवठा संस्थेला १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच एक खास यंत्रणा उभारावी लागली. २०१५ साली या संस्थेने नदीच्या वरच्या अंगाच्या तीन जिल्ह्यांतील निचरा-मंडळांवर दावा दाखल केला. २०१७ साली न्यायालयाने तो फेटाळला. त्या निकालाने पाण्यातील नायट्रेट अर्थातच कमी झाले नाही. जून २०२५ मध्ये ते इतके वाढले की, शुद्धीकरण-यंत्रणेवरील ताण कमी करण्यासाठी राजधानी व भोवतालच्या सुमारे सहा लक्ष लोकांना आपल्या हिरवळींना पाणी घालण्यास मनाई करावी लागली. तेथे अशी मनाई प्रथमच झाली. येथून पुढे हेच पाणी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात उतरते. तेथे नत्र-स्फुरदावर शैवाल माजते. ते मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते आणि तळाशी मासे, कोळंबी यांना जगणे अशक्य होते. २०१७ सालच्या उन्हाळ्यात हा मृतप्रदेश सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत मोठा होय.

या सर्व दुष्परिणामांचे मूळ सात महिन्यांच्या उघड्या जमिनीत आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे उपायाची दिशा आपोआप सुचते. त्या रिकाम्या महिन्यांत दुसरे काहीतरी पेरावे. हे पीक विकण्यासाठी नाही, खाण्यासाठी नाही. जमीन झाकणे आणि तिच्यात जिवंत मूळ ठेवणे एवढेच त्याचे काम. म्हणून त्याला आच्छादन-पीक म्हणतात. आपल्याकडील ताग किंवा धैंचा यांची येथे आठवण होईल. ते हिरवळीचे खत आहे. जमिनीत गाडून तिला नत्र देणे हा त्याचा मुख्य हेतू. मक्याच्या मुलखातील आच्छादन-पिकाचा हेतू बव्हंशी याच्या उलट आहे. जमिनीत असलेले नत्र तेथून निसटू न देणे, हे त्याचे पहिले कर्तव्य.

या कामी सर्वांत अधिक वापरले जाणारे पीक म्हणजे राय. मराठीत राई म्हटली की मोहरी डोळ्यांपुढे येते. ही राय ती नव्हे. हे गव्हाच्या जवळच्या नात्यातले, उत्तर व पूर्व युरोपात ज्याच्या काळसर भाकरी करतात ते तृणधान्य आहे. त्याची चिकाटी विलक्षण. पाणी गोठण्याच्या बिंदूहून दोन-तीन अंशच अधिक उष्णता असली तरी त्याचे बी रुजते, कडाक्याच्या हिवाळ्यात रोप बर्फाखाली तग धरून राहते आणि मार्चअखेर हिम ओसरताच पुन्हा वाढू लागते. म्हणजे नायट्रेट निसटण्याचा जो ऐन काळ, नेमका त्याच काळात रायची मुळे काम करीत असतात.

शिंबावंत पिके, म्हणजे हवेतील नत्र मुळांवरील गाठींत बांधणारी क्लोव्हर, व्हेच यांसारखी पिके का पेरीत नाहीत, असे कोणी विचारील. दक्षिणेकडील उबदार राज्यांत ती पेरतात आणि त्यांचा उपयोगही होतो. मराठी वाचकांना वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकातून परिचित झालेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे आयोवाच्याच कृषि महाविद्यालयात शिकले. पण कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीवर चवळीसारखी पिके घेण्याचा धडा त्यांनी दिला तो दूर दक्षिणेस, अलाबामात. आयोवात ऑक्टोबरअखेर मका निघाल्यावर थंडी पडण्यापूर्वी जे थोडे दिवस उरतात त्यांत क्लोव्हर मूळही धरीत नाही. ओट आणि मुळा लवकर पेरल्यास चांगले वाढतात, परंतु हिवाळ्यात मरून जातात. वसंतात मूळ हवे असेल तर राय हाच मुख्य आधार. तिचीही पेरणी साधावी लागते. काही शेतकरी कापणीची वाट न पाहता ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या आरंभी, मका उभा असतानाच विमानातून बी टाकतात. पाऊस आला तर ते रुजते, न आला तर पाखरांचे फावते. काही जण कापणी-मळणी यंत्राच्या पाठोपाठ पेरणी-यंत्र घालतात. रुजण्याची खात्री अधिक, पण वाढीला दिवस कमी.

रायने प्रत्यक्ष काय साधते याचे मोजमाप झालेले आहे. २०१३ साली आयोवा राज्याने नत्र व स्फुरद यांचा नद्यांतील भार ४५ टक्क्यांनी कमी करण्याची योजना जाहीर केली. तिच्यासाठी शास्त्रज्ञांनी उपलब्ध प्रयोगांची छाननी केली, तेव्हा रायमुळे नळ्यांतून जाणारे नायट्रेट सरासरीने ३१ टक्के घटते असे आढळले. स्फुरदाच्या ऱ्हासातही जवळजवळ तेवढीच घट होते, कारण स्फुरद मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून जाते आणि राय मातीच जागच्या जागी धरून ठेवते. शेतकऱ्याने खताची मात्रा कितीही काटेकोर ठेवली तरी एवढी घट होत नाही, कारण वसंतात निसटणारे पुष्कळसे नत्र खताच्या पोत्यातले नसून मातीतलेच असते. आच्छादन-पिकाने जमिनीतील सेंद्रिय द्रव्य झपाट्याने वाढते, हा दावा मात्र जपून ऐकावा. ते वाढते, पण फार सावकाश, आणि एका-दोन हंगामांत दिसावे इतके नाही.

मग प्रत्येक शेतकरी राय का पेरीत नाही? याच छाननीत दुसराही एक आकडा होता. रायनंतर घेतलेल्या मक्याचे उत्पन्न सरासरीने ६ टक्क्यांनी घटते. पुढे २०२२ साली उपग्रहांच्या साहाय्याने नव्वद हजारांहून अधिक शेतांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत मक्यात सरासरी ५.५ टक्के आणि सोयाबीनमध्ये ३.५ टक्के तूट दिसली. प्रचारपत्रकांत हे आकडे ठळक छापले जात नाहीत. आमच्या मते ते छापले पाहिजेत, कारण त्यांची कारणे कळली तरच ते कमी करता येतील.

कारणे तशी गूढ नाहीत. कोवळी राय वाळवून मातीवर पडली तर तिच्यातील नत्र लवकर मोकळे होते. पण ती वाढून तिला कणसे येऊ लागली म्हणजे तिच्या काडीत कार्बन फार आणि नत्र थोडे अशी स्थिती होते. कार्बन व नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ला १ याहून वर गेले की, ती काडी कुजविणारे जीवाणू स्वतःच्या गरजेसाठी मातीतील नत्र ओढून घेतात, आणि इवलासा मका ऐन वाढीच्या वेळी उपाशी राहतो. शिवाय मका आणि राय दोन्ही तृणकुळातली. मरणाऱ्या रायच्या मुळांवर वाढणारी पिथियमसारखी बुरशी सहज शेजारच्या मक्याच्या कोवळ्या मुळांवर उतरते. म्हणून मका पेरण्यापूर्वी दहा ते चौदा दिवस आधी राय मारावी, असा सल्ला दिला जातो. सल्ला सोपा आहे. पण मे महिन्यात आठवडाभर पाऊस लागला, शेतात यंत्र जाईना, आणि इकडे राय दिवसागणिक वाढते आहे, ही वेळ ज्याच्यावर येते त्याला तो सोपा वाटत नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. ते स्वतःचे नत्र स्वतः मिळविते आणि त्याचे कूळही निराळे. त्यामुळे रायच्या काडीने नत्र अडकविले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. कित्येक शेतकरी तर उभ्या हिरव्या रायमध्येच सोयाबीन पेरतात आणि राय नंतर मारतात. अशी दाट काडी पुढे चटईसारखी जमिनीवर पसरते आणि तणांना प्रकाश मिळू देत नाही. आपल्या माठाच्या कुळातील वॉटरहेम्प नावाचे तण आज त्या मुलखात एकामागून एक तणनाशके पचवू लागले आहे. त्याच्यावर रायची चटई हा एक खरा इलाज ठरला आहे. म्हणूनच अनुभवी माणसे नवख्याला सांगतात : प्रथम मक्यानंतर राय पेरा, तिच्यामागून सोयाबीन घ्या, आणि हात बसल्यावर मगच मक्यापूर्वी राय घालण्याच्या भानगडीत पडा.

राय मारतात ती बहुधा ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाने. सेंद्रिय शेती करणारे ती फुलोऱ्यावर येईपर्यंत थांबतात आणि पात्यांचा जड रूळ फिरवून देठ चेचतात. फुलोऱ्यापूर्वी चेचली तर ती पुन्हा उठते.

आता हिशेब पाहू. बी, पेरणी आणि मारणी मिळून एकरी साधारण ३० ते ५० डॉलर लागतात. २०० बुशेलांतील ६ टक्के म्हणजे १२ बुशेल. बुशेलला ४ डॉलर भाव धरला तर आणखी ४८ डॉलर गेले. उलट बाजूला जमा काय? माती वाचली, पण तिची किंमत पुढील पिढीच्या वहीत पडते. पाणी शुद्ध राहिले, पण त्याचा लाभ शंभर मैल खालच्या नगराला आणि हजार मैल खालच्या कोळ्याला. शिवाय आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने केलेली आहे, आणि पुष्कळ करार वर्षावर्षाचे असतात. पुढच्या वर्षी हे शेत आपल्याकडे राहील की नाही याची ज्याला शाश्वती नाही, त्याने दहा वर्षांनी सुधारणाऱ्या जमिनीसाठी आज पैसे का घालावे? शेतकऱ्याला आडमुठा म्हणणे सोपे आहे. त्याची वही पाहिली म्हणजे तो शब्द ओठांवर येत नाही.

ही दरी काही अंशी सार्वजनिक पैशाने भरून काढण्याचा प्रयत्न चालू आहे. राज्य व केंद्र सरकार खर्चाचा वाटा उचलतात. २०१७ पासून आयोवात आच्छादन-पीक पेरणाऱ्याला पीकविम्याच्या हप्त्यात एकरी ५ डॉलर सूट मिळू लागली. १९८५ साली स्थापन झालेल्या ‘प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा’ या संघटनेचे शेतकरी स्वतःच्याच शेतांत राय घातलेले आणि न घातलेले पट्टे शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचे उत्पन्न तोलतात. शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहिलेली गोष्ट पुस्तिकेपेक्षा लवकर पटते. सरकारी शेतगणनेनुसार २०१२ साली आयोवात आच्छादन-पिके सुमारे ३ लक्ष ८० हजार एकरांवर होती, २०१७ साली ती ९ लक्ष ७० हजारांवर गेली आणि २०२२ साली पावणेतेरा लक्षांच्या आसपास पोहोचली. वाढ लहान नाही. पण मका आणि सोयाबीन मिळून सुमारे २ कोटी ३० लक्ष एकर आहेत, हे पाहिले म्हणजे झाकलेली जमीन वीस एकरांत जेमतेम एक भरते.

आच्छादन-पीक विकता आले तर सारा हिशेब पालटेल, या विचाराने काही संशोधक वेगळी वाट धरीत आहेत. उत्तरेला लागून असलेल्या मिनेसोटाच्या विद्यापीठात पेनीक्रेस आणि हिवाळी कॅमेलिना या दोन वनस्पतींवर काम चालले आहे. दोन्ही मोहरीच्या कुळातल्या, दोन्ही हिवाळा बर्फाखाली काढणाऱ्या, आणि दोन्हींच्या बियांत तेल. शरदात पेरावे, वसंतभर त्यांनी नायट्रेट धरावे, उन्हाळ्याच्या आरंभी बी काढावे आणि तेल इंधनासाठी गिरणीला द्यावे, अशी कल्पना आहे. अडचण एवढीच की, हे बी हाती येईपर्यंत सोयाबीनची पेरणी लांबते आणि त्याचे उत्पन्न घटते. त्यामुळे सोयाबीन उभ्या कॅमेलिनाच्या ओळींमधून पेरण्याचे, आणि लवकर पिकणारे पेनीक्रेसचे वाण काढण्याचे प्रयोग सुरू आहेत. रानात तण म्हणून उगवणाऱ्या या रोपाला शेतात आणताना आणखी एक खोड मोडावी लागत आहे. पिकताच त्याच्या शेंगा उकलतात आणि बी यंत्र येण्यापूर्वीच मातीत सांडते.